चाळीसचा काटा आणि ठाणे-बेलापूर रोड

नवी गाडी रनिंगमध्ये असताना, म्हणजे इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून नीट बसेपर्यंत, ताशी चाळीसच्या वर न्यायची नाही, हे आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पार्किंगमध्ये नवी मोटरसायकल दिसली की आधी किंमत विचारतात, मग ॲव्हरेज, आणि जाता जाता हा चाळीसचा मंत्र देतात. तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजवाला मुलगा अगदी उलट टोकाचा. "ताई, पहिल्या दिवसापासून पिळा, तरच इंजिन मोकळं होतं." त्याने व्हिडिओ पाहिलाय.

गाडी १२५ सीसीची, ऐरोलीहून रबाळेला कामावर जायला घेतलेली. (हो, माझीच. शोरूमवाल्याने चावी कौतुकाने नवऱ्याच्या हातात दिली, त्याला दुचाकी चालवताच येत नाही.)

माझं म्हणणं एवढंच की दोन्ही बाजू काट्याकडे बघून भांडतात आणि प्रश्न काट्याचा नाहीच. इंजिनावर लोड किती आणि तो बदलतोय की नाही, हे बघायला हवं.

मी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे इंजिनाचे बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) येत नाहीत, हायड्रॉलिक सिलिंडरच्या नळ्या येतात, पण होनिंगची गोष्ट तीच. दगडांनी आतल्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. नखाला धड कळत नाहीत, सर्फेस टेस्टरच्या सुईला कळतात. रेघांच्या खाचेत ऑइल थांबतं, आणि वर राहिलेले कंगोरे पिस्टनच्या रिंगांनी घासून बसवायचे असतात. रनिंगमधलं मुख्य काम हे. आता गंमत अशी की रिंग नुसत्या आपल्या ताणाने भिंतीवर फारशी दाबली जात नाही. पेट्रोल जळल्यावर गॅसचा दाब रिंगच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटर, कायम जेमतेम उघडं ठेवलं तर तो दाब कमी, रिंगा नीट बसत नाहीत, वर राहिलेलं ऑइल जळून भिंतीवर चकाकी धरते आणि रेघाच बुजतात. मग गाडी ऑइल प्यायला लागते आणि मेकॅनिक बोअर-पिस्टनचं नाव काढतो. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण पिळली तर कंगोऱ्यांवर उष्णता एवढी होते की ऑइलचा थर तुटून ओरखडे पडू शकतात. हल्ली बऱ्याच कारखान्यांत होनिंगच असं करतात की कंगोऱ्यांची टोकं आधीच उडालेली असतात, त्यामुळे दोन्हीकडची भीती पूर्वीएवढी राहिलेली नाही. होंडाची मॅन्युअल्स पहिल्या ५०० किलोमीटरसाठी फुल थ्रॉटल आणि एकदम पिकअप टाळा असं सांगतात. रोज एकाच वेगाने चालवा असं मात्र सांगत नाहीत.

म्हणून पाम बीच रोड मला या कामाला पसंत नाही. नवी गाडी घेतली की लोक संध्याकाळी तिथेच नेतात, टॉप गिअर टाकून वाशी ते बेलापूर एका सुरात. डोळ्यांना छान, रिंगांना काही शिकायला नाही. त्यापेक्षा आपला ठाणे-बेलापूर रोड बरा. सिग्नल, मध्येच थांबणारी बस, पुन्हा उचल, पुढे फ्लायओव्हर. चढताना एक गिअर खाली, थ्रॉटल निम्म्याच्या आसपास, इंजिन मोकळं फिरेल असं. उतरताना थ्रॉटल सोडून द्यायचं. सिलिंडरमध्ये ओढ तयार होते, भिंतीवर थोडं जास्त ऑइल येतं, घासलेला भाग निवतो. संध्याकाळी मुलुंडकडे जाताना ऐरोली पुलाच्या तोंडाशी सगळं ठप्प असेल तर मी गाडी सरळ बंद करते. एअर-कूल्ड इंजिनाला वारा नाही तर काहीच नाही.

आणि चाळीसवाले करतात काय, तर काटा वर जाऊ नये म्हणून टॉप गिअरमध्ये पंचविशीवर स्पीडब्रेकर ओलांडतात. गाडी गुदमरते, ठकठकते, तरी वरून थ्रॉटल देतात. नव्या बेअरिंगांना याच्याइतकं वाईट दुसरं काही नसेल.

बाबांना हे पटवणं अवघड गेलं. त्यांची जुनी चेतक स्कूटर टू-स्ट्रोक, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं, आणि गाडी रनिंगमध्ये असताना ते पंपावर थोडं जास्तच घालून घ्यायचे. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण सोडायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि त्या गाडीसाठी तो बरोबरच होता: थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी. फोर-स्ट्रोकला ऑइलचा पंप वेगळा, तिथे हा नियम उलटा होतो. "मग तुझ्या गाडीत ऑइल घालतात कुठे?" असं विचारून त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, स्वतः काढून बघितली.

पहिलं ऑइल मात्र वेळेवर काढायचं, त्यात वाद नको. माझ्या गाडीला कागदी फिल्टर नाही, जाळी आणि गोल फिरून कचरा बाजूला फेकणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर, बस. लिटरभर ऑइल तेच इंजिनाला, तेच गिअरबॉक्सला, तेच क्लचला. सर्व्हिसला ड्रेन केलेलं ऑइल मी ट्रे तिरका करून उजेडात बघितलं, बारीक चकमक दिसत होती. तिथल्या मुलाने एक महागडी बाटली पुढे केली, "मॅडम, इंजिन मख्खन होईल." इंजिन एवढ्यात मख्खन व्हायला नकोच आहे. कंपनीने सांगितलेलं १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल घातलं आणि त्याला चेन बघायला लावली. नवी चेन सैल होतेच, यादीत तिच्यापुढे आधीच टिक मारलेली होती आणि हात कोणी लावलेला नव्हता.