पाण्यावर चालणारं एटर

बल्गेरियात गाब्रोवो शहराजवळ, स्तारा प्लानिना पर्वताच्या कुशीत एटर नावाचं खुलं संग्रहालय आहे. लाझार दोन्कोव्ह यांच्या खटपटीतून ते १९६४ मध्ये सुरू झालं. काचेआड मांडलेल्या वस्तू बघण्यात माझं मन रमत नाही. इथे मात्र यंत्रं चालू असतात, आणि तीही सिवेक नदीच्या पाण्यावर! पिठाची गिरणी, लाकडं कापायची करवत, लोकरी कापड कुटून घट्ट करणारे लाकडी हातोडे, सगळं.

सर्वांत जास्त रेंगाळलो ते गायतानपाशी. गायतान म्हणजे अंगरख्याच्या काठाला लावायची लोकरी वेणी. बाहेर पाण्यावर चाक फिरतं आणि आत चात्या गोफ विणणाऱ्या पोरींसारख्या एकमेकींना वळसे घालत राहतात. मधून काळी दोरी हळूहळू वर सरकते. १९व्या शतकात हा माल उस्मानी साम्राज्यात दूरदूरपर्यंत जायचा. पुढे युरोपीय धाटणीचे कपडे आले आणि गिऱ्हाईक आटलं.

शेजारी लाकडी फळ्यांच्या मोठ्या पिंपात पन्हळीतून पाणी कोसळत होतं आणि त्या भोवऱ्यात जाड घोंगड्या गरगरत होत्या. साबण नाही, काही नाही, नुसत्या पाण्याच्या जोरावर धुणं!

पलीकडच्या गल्लीत कुंभार, चाकू बनवणारे, घंटा बनवणारे. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा हिवाळ्यात कुकेरींच्या कमरेला चढतात. कुकेरी म्हणजे केसाळ कातडी आणि मुखवटे घालून, घंटांच्या गजरात इडापिडा पळवून लावणारे गडी. पेर्निक भागातल्या त्यांच्या सणाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. बेकरीत हरभऱ्याच्या आंबवणाने फुगवलेला सिमिट मिळतो, तो गरमच खावा.

आम्ही गेलो तो ईस्टरच्या आधीचा रविवार होता, त्स्वेत्नित्सा. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात वाळुंजाची कोवळी डहाळी. ती घरी नेऊन देवाच्या तसबिरीपाशी ठेवतात. मार्गारिता, विओलेता अशी फुलांची नावं असणाऱ्यांचा हा नामदिन, म्हणजे वाढदिवसासारखा नावाचा सण, त्यामुळे त्यांच्या घरी पाहुण्यांची वर्दळ. मोहरलेल्या झाडांवर लाल-पांढरे मार्तेनित्सा लटकत होते. १ मार्चला मनगटावर बांधलेला हा दोरा झाडाला मोहर दिसला की त्याच्या फांदीला बांधायचा.

जमलं तर पुढचा गुरुवारही तिथेच काढा. त्या दिवशी अंडी रंगवतात. पहिलं अंडं लालच असतं; ते पोरांच्या गालांवरून फिरवतात आणि पुढच्या ईस्टरपर्यंत घरात जपून ठेवतात.