दादांची अष्टमी

दिवंगत नटाबद्दल चार ओळी लिहायच्या तर पहिली ओळ सगळ्यात अवघड जाते. जन्म कधी, कुठे? शेवटची ओळ मात्र सोपी असते. दादा कोंडके १४ मार्च १९९८ ला गेले, ती तारीख दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून आली, आजही वाचनालयात काढून बघावी. जन्माच्या दिवशी मात्र वर्तमानपत्राने दखल घ्यावी असं काही घडलेलं नव्हतं. नायगावच्या चाळीत राहणाऱ्या एका गिरणी कामगाराला मुलगा झाला होता, एवढंच.

तरी दादांच्या बाबतीत माहितीची चंगळ आहे. जन्म ८ ऑगस्ट १९३२, आणि गोकुळाष्टमीचा, म्हणूनच नाव कृष्णा. वर्षानुवर्षं ही दोन वाक्यं जोडीनं छापली जातात. किती छान बसतं सगळं! आणि मला अशी छान बसणारी माहितीच जरा खुपते.

तपासायला फार काही लागत नाही. ३१ ऑगस्ट १९३२ ला खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. ते दिसलं तिकडे कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्येला, पण ग्रहण कुठेही दिसो, सूर्यग्रहण म्हणजे अमावस्या. तिथून बोटांवर मागे मोजत यायचं. वद्य अष्टमी साधारण आठवडाभर आधी, म्हणजे २४ ऑगस्टच्या आसपास. त्याच्या आधीची अमावस्या २ ऑगस्टची. मग ८ ऑगस्टला काय होतं? श्रावणाचा शुद्ध पक्ष. नागपंचमी नुकतीच होऊन गेलेली. कृष्णजन्माला मध्यरात्री चंद्र उगवतो, त्या रात्री तो मध्यरात्रीच्या आत मावळूनही गेला असणार.

वर्ष मागे-पुढे करून बघावं, तर तेही जमत नाही. गोकुळाष्टमी सहसा ८ ऑगस्टइतक्या लवकर येतच नाही. तेव्हा तारीख आणि तिथी यांतलं एकच काहीतरी खरं.

मी तिथीच्या बाजूनं आहे. त्या काळातल्या आईला विचारलं असतं, तर तिनं इंग्रजी महिना सांगितलाच नसता. अष्टमीचा उपास होता, बाहेर पाऊस होता, असं सांगितलं असतं. तारखा आल्या त्या शाळेत नाव घालताना. आमच्या आधीच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला का येतो, हे कुणाला समजावून सांगायला नको. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी वय बसवून घ्यायचे. आता ८ ऑगस्टला १ जूनसारखा सरकारी वास येत नाही, हे मान्य. म्हणजे ती कुणीतरी विचार करून लिहिली असेल. पण पंचांग उघडून लिहिली नाही, एवढं नक्की.

जन्मस्थळाचीही तीच गत. कुणी नायगाव लिहितं, कुणी भोरजवळचं इंगवली. गिरणगावातल्या माणसाला ‘गाव कुठलं?’ विचारलं की तो चाळीचा पत्ता देत नसे, एसटीचा थांबा सांगे. त्यात बाळंतपणाला बाई गावी जाण्याची शक्यता नेहमीचीच. त्यामुळे ‘मूळ गाव’ आणि ‘जन्मगाव’ हे दोन रकाने वेगळे ठेवावेत, म्हणजे निम्मं भांडण मिटतं.

नावांचा घोळ आणखी निराळा. चित्रपटांतल्या सोज्वळ आई सुलोचनादीदी, लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, आणि मूकपटांच्या काळात ‘सुलोचना’ म्हणून गाजलेल्या, पुढे फाळके पुरस्कार मिळालेल्या रूबी मायर्स. पहिल्या दोघी तर सहा महिन्यांच्या आतबाहेर गेल्या, सुलोचना चव्हाण डिसेंबर २०२२ मध्ये आणि सुलोचनादीदी जून २०२३ मध्ये. एकीचा फोटो, दुसरीचं गाणं आणि तिसरीचा पुरस्कार एकत्र करून श्रद्धांजली वाहायला आपल्याकडे कितीसा वेळ लागतो?

दादांकडे परत येऊ. ‘तांबडी माती’ १९६९, ‘सोंगाड्या’ १९७१, इथपासून पुढे जमीन घट्ट लागते. नऊ चित्रपटांच्या रौप्यमहोत्सवांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आणि तीसुद्धा पडताळता येते. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे, आणि कितवा आठवडा चालू आहे हे थिएटरच्या जाहिरातीत ठळक छापलेलं असे. जुन्या अंकांची धूळ झाडायची तयारी हवी. गिनीज बुकाचं नाव घेणारे पुष्कळ भेटतात, कुठल्या वर्षीच्या आवृत्तीत ते सांगणारा क्वचित.

इतकं खोदून दादांचं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. काहीच नाही. ‘पांडू हवालदार’ बघताना नागपंचमी की गोकुळाष्टमी याचा हिशोब कोण करतो? ८ ऑगस्टला त्यांचा चित्रपट लावणार असाल तर खुशाल लावा, मी तिकीट काढून येईन. पण सुरुवातीला माइक हातात घेऊन कृष्णजन्माची गोष्ट सांगायचीच असेल, तर कार्यक्रम तेवढा दहीहंडीच्या आदल्या दिवशी ठेवा.