पांढरी धूळ

त्या बाई चौथ्यांदा समोर येऊन बसल्या तेव्हा, खरं सांगायचं तर, मला त्यांचा थोडा रागच आला होता. शाळेत गणित शिकवतात. पहाटे चारला नाक चोंदून जाग, उठल्यावर ओळीने पंधरा-वीस शिंका आणि दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभ्या उभ्या डोळे मिटायला लागतात. "परवा एका मुलाने बरोबर उत्तर दिलं आणि मी त्याला 'गुड नाइट' म्हणाले," असं त्यांनी सांगितलं. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

निदानात शंका नव्हती. दुसऱ्या भेटीत त्यांच्या हातावर ॲलर्जीची चाचणी केली होती. (पहिल्या भेटीत करता आली नव्हती, कारण त्या शिंकांची गोळी घेऊन आल्या होत्या. ती काही दिवस आधी बंद केल्याशिवाय चाचणीला अर्थ नसतो.) पंधरा मिनिटांनी धुळीतल्या माइटच्या थेंबाखाली चांगली नऊ मिलिमीटरची गांधी उठली. आम्ही तीनलाच पॉझिटिव्ह धरतो. मांजर, परागकण, बुरशी, बाकी सगळं सपाट.

माइट म्हणजे पाव-एक मिलिमीटरचा, आठ पायांचा जीव. चावत नाही, आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. उशी झटकली, गादीवर कूस बदलली की ते कण उडतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा खाली बसतात. हवेत फार वेळ राहतच नाहीत, त्यामुळे हवा शुद्ध करायचं यंत्र या रुग्णांच्या फारसं कामाचं नाही. हे मी रोज दोघा-तिघांना सांगते आणि त्यातला एखादा तरी यंत्र घेतल्याचं सांगायलाच पुढच्या वेळी येतो.

बाईंना मी नेहमीचा छापील कागद दिला होता. गादीला आणि उशांना सहाही बाजूंनी बंद होणारी, घट्ट विणीची खोळ. चादरी-अभ्रे आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात, कारण गार पाण्यात धुतलं तर मळ जातो पण माइट बरेचसे जिवंत राहतात. आणि नाकात रोज स्प्रे. "सगळं करते," त्या म्हणत. माझा विश्वास बसेना. खोळ म्हणून लोक नुसतं वरून इलॅस्टिकचं कव्हर ओढतात, खालची बाजू उघडीच असते, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मी मनात निकाल लावून मोकळी झाले होते.

"शनिवारी मी येऊन बघू का?" असं मी विचारलं, ते त्यांना खोटं पाडायच्या इराद्यानेच. आम्ही सहसा कुणाच्या घरी जात नाही.

बॅटरी आणि खिशात मावणारा आर्द्रतेचा मीटर घेऊन गेले. चादर उचकटली. खोळीची चेन टोकापासून टोकापर्यंत बंद, वर चिकटपट्टीही लावलेली. दोन्ही उशांना खोळी. दुलईलासुद्धा, जी मी कागदावर लिहिलीच नव्हती. गणिताच्या बाईच त्या! नुसत्या खोळींवर भिस्त ठेवू नये हे मला ठाऊक होतं. २००३ साली ब्रिटनमध्ये दम्याच्या हजारावर प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नुसत्या खोळींनी काही फरक पडला नव्हता. पण मग इथे राहिलं काय?

"धूळ मात्र हटत नाही," म्हणत त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावर बोट फिरवून दाखवलं. "रोज सकाळी पुसते. खिडकीतून येते म्हणून खिडकीही बंदच ठेवते."

मी ते बोट जवळ घेऊन पाहिलं. घरातली धूळ करडी असते, तिच्यात धागे असतात, केस असतात. ही पांढरीशुभ्र, खडूच्या भुकटीसारखी, आणि त्यात एकही धागा नाही. टेबलावरच्या दिव्यामागे पाहिलं तर ह्युमिडिफायर. पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या यंत्रातून पाण्यातले क्षारही उडतात, पाणी सुकतं आणि क्षार उरतात. त्या रोज सकाळी पुसत होत्या ते क्षार.

दार लावून यंत्र सुरू करायला सांगितलं. मीटरवर ५१ होतं. अर्ध्या तासाने ६८. माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. आर्द्रता बरेच दिवस पन्नासच्या खाली राहिली की सुकून मरतो. इथे तर बंद खिडकीत रात्रभर त्याची सोय चालली होती. नाक चोंदलं की तोंडाने श्वास, त्याने घसा कोरडा, घसा कोरडा म्हणून यंत्र, यंत्राने माइट आणि माइटने पुन्हा नाक. पलंगाची डोक्याकडची बाजू फोम भरलेली, कापडी. त्यांची उशी तिला टेकलेली. मी तिच्यावर पंजा आपटला आणि बॅटरी धरली. झोतात जे काही उठलं ते पाहून बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"हे यंत्र कुणी घ्यायला सांगितलं तुम्हाला?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

त्या गप्प. मग कपाटातून फाइल काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. पहिल्या भेटीचा केसपेपर. 'घसा कोरडा. रात्री खोलीत ह्युमिडिफायर.' अक्षर माझं, सही माझी. चाचणी व्हायच्या दोन आठवडे आधीची तारीख. पहाटेची जाग सुरू झाली ती त्यानंतर, आणि मी ती आजार वाढल्याच्या खात्यात टाकली होती.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," त्या म्हणाल्या.

यंत्र त्याच दिवशी बंद झालं. फोमची पाठ काढून साधी लाकडी फळी लावली. बाहेर कोरडं असेल तेव्हा खिडकी उघडी, आणि उठल्या उठल्या पलंग टापटीप करायचा नाही, तर पांघरूण पायाशी गुंडाळून अंगाच्या उबेने ओलसर झालेलं अंथरूण तासभर तसंच उघडं ठेवायचं. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा सकाळच्या शिंका तीन-चारवर होत्या. स्प्रे सुरूच आहे. झोप मात्र गजरापर्यंत सलग.

माझ्या छापील कागदाच्या समासात मी पेनने दोन ओळी वाढवल्या आहेत. मीटर अजून बाईंकडेच आहे. रोज सकाळी त्याचा फोटो येतो, आज ४७ होतं. परत मागायचं माझ्याच्याने झालेलं नाही.