गिळलेलं वाक्य

सावंतवाडीहून जुन्या गोव्याला सायबाच्या फेस्ताला चालत जायचं, तर अंतर साधारण 60-65 किलोमीटर. 3 डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण, म्हणून आम्ही बाराजण 1 तारखेला पहाटे निघालो. बांदा, पत्रादेवी, मालपे, धारगळ. हायवेच्या कडेने, पाठीवर सॅक आणि हातात रोझरी, म्हणजे जपमाळ. पहिल्या दिवसाचं सांगण्यासारखं एवढंच, की नवीन बूट घालून वारीला जाऊ नये.

मी गेलो होतो ती आंगवण, म्हणजे नवस, फेडायला असं घरी सांगितलं होतं. खरं तर घरात बसवत नव्हतं. माडांच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी चार वर्षं बोलणं बंद होतं आणि त्या महिन्यात तलाठ्याकडे त्याने नवीन हरकत घातली होती.

चालताना दिवसाला तीन रोझऱ्या. एका रोझरीत ‘आमच्या स्वर्गातील बापा’ सहा वेळा, म्हणजे दिवसाला अठरा. ज्यांनी रोझरी म्हटली आहे त्यांना ठाऊक आहे, पुढारी अर्धी प्रार्थना म्हणतो आणि उरलेली अर्धी मागचे म्हणतात. ‘जसे आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ हे मागच्यांच्या वाट्याला येतं. त्यामुळे मी आपणहून पुढारी व्हायचो. सगळे म्हणाले, केवढी भक्ती! मीही मान्य केलं, नाकारायला काय जातंय?

दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या पुलावर घसा बसला, तेव्हा माझी पाळी सुटली. खाली शापोरा नदी, अंगावर ट्रकांचा वारा, आणि शेजारी आमच्या वाडीतली सत्तरीची बाय, पायांत साध्या रबरी चपला. रोझरीची दोन दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे दोन टप्पे, ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी मण्यांवरचं बोट न हलवता म्हणाली,

“ता वाक्य गिळतंस कित्याक रे पुता?”

घसा बसलाय म्हटलं. “बाकीचा बरा येता तुका,” म्हणाली आणि पुढच्या मण्यावर गेली.

म्हापशाला रात्री झोप लागली नाही. पायाचे फोड होतेच म्हणा.

रायबंदरच्या जुन्या बांधावर पोचलो तेव्हा अजून अंधार होता. एका बाजूला मिठागरं, दुसरीकडे मांडवी, आणि पुढे-मागे नुसती माणसं. बॉम जेजू चर्चच्या आवारात मिस्साची प्रार्थना सुरू होती. मी कुमसाराच्या, म्हणजे पाद्रीबाबांपुढे पापांची कबुली देण्याच्या, रांगेत उभा राहिलो. पाद्रीबाबांनी सगळं ऐकलं, आणि विचारलं, “भावाचं नाव काय?” मला ते पटकन सांगता येईना. घरात आम्ही ‘तो’, ‘तो पलीकडचा’ असंच म्हणायचो.

मग त्यांनी झेवियरची गोष्ट सांगितली. 1542 साली तो गोव्यात उतरला, तिथून मलाक्का, मोलुकास, जपान. सोबत्यांच्या पत्रांतल्या सह्या कापून त्याने जवळ ठेवल्या होत्या; 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर मरेपर्यंत. “तू क्षमा कर म्हणून मी सांगत नाही. रोज एक ‘नमो मरिया’ची प्रार्थना, त्याचं नाव घेऊन. बस.”

एवढंच? मला जरा फसवल्यासारखं वाटलं. एवढं चालून आलो, काहीतरी मोठं प्रायश्चित्त हवं होतं. आत बॅसिलिकात झेवियरच्या शवाची चांदीची पेटी उंचावर होती. गर्दीच्या रेट्यात ती दिसली तेवढी दिसली. बाहेर येऊन खाजं घेतलं आणि एसटीने घरी आलो.

पहिले काही आठवडे त्याचं नाव दातांतून यायचं. एकदा तर रागाने नमो मरिया म्हटली, तीही चालली असावी. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुमारास कधीतरी लक्षात आलं, की मी त्याच्या गुडघेदुखीसाठी प्रार्थना करतोय. त्याला गुडघेदुखी आहे हे मला कुणी सांगितलं होतं, तेही आठवेना.

हरकत त्याने मागे घेतलेली नाही. मीही माझा अर्ज काढलेला नाही. परवा त्याच कामासाठी सातबाऱ्याचा उतारा काढला. आमची नावं अजून एकाखाली एक आहेत. खिडकीवरच्या मुलाने तपासण्यासाठी नावं मोठ्याने वाचायला सांगितली. मी दोन्ही वाचली.