पाच टर्नचा पाऊस

पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या लढतींतील हवामान समजावून सांगताना बहुतेक जण गुणकांपासून सुरुवात करतात. पाऊस असेल तर पाण्याच्या मूव्हची, म्हणजे चालीची, ताकद दीडपट होते आणि आगीच्या मूव्हची निम्मी होते. कडक ऊन असेल तर नेमके उलट घडते. म्हणजे पाण्याची एकच मूव्ह उन्हात जेवढी लागते, त्याच्या तिप्पट ती पावसात लागते. हे आकडे मोठे आहेत यात शंका नाही, परंतु माझ्या मते हवामानाचा खरा डाव वेगळ्याच हिशेबावर ठरतो: ते किती टर्न (दोन्ही बाजूंनी आपापली चाल खेळण्याच्या फेऱ्या) टिकणार आणि त्यांपैकी किती टर्न प्रत्यक्ष हल्ल्यासाठी आपल्या हाती उरणार.

हा हिशेब नेहमीच असा नव्हता. १९९९ साली जपानमध्ये आलेल्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या गेममध्ये पाऊस, ऊन आणि वाळूचे वादळ प्रथम अवतरले, पण ते आणण्यासाठी एक मूव्ह, म्हणजेच एक पूर्ण टर्न, खर्ची घालावा लागे. २००२ च्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’ने गारपिटीची भर घातली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कायोगर, ग्राउडन व टायरानिटार या पोकेमॉनना मैदानात उतरताक्षणी हवामान बदलणाऱ्या ॲबिलिटी, म्हणजे अंगभूत शक्ती, दिल्या. असे हवामान दुसऱ्या कोणी बदलेपर्यंत संपतच नसे. पुढे गेमच्या पाचव्या पिढीत पोलिटोएडसारख्या साध्या पोकेमॉनलाही ड्रिझल ही पाऊस आणणारी ॲबिलिटी मिळाली आणि न संपणारा पाऊस सर्वांच्या आवाक्यात आला. पावसात वेग दुप्पट करणारी स्विफ्ट स्विम आणि ड्रिझल एकाच टीममध्ये ठेवण्यास स्मोगॉन या स्पर्धात्मक खेळाडूंच्या ऑनलाइन समुदायाने आपल्या मुख्य श्रेणीत बंदी घातली, ती उगीच नव्हे. २०१३ साली ‘एक्स’ आणि ‘वाय’ने ॲबिलिटीच्या हवामानालाही पाच टर्नची मर्यादा घातली, पावसासाठी डॅम्प रॉक किंवा उन्हासाठी हीट रॉक ही वस्तू पोकेमॉनने धारण केली असेल तर आठ. हवामानाच्या बाबतीत या मालिकेने घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, असे मी मानतो.

पाच टर्न ऐकायला पुरेसे वाटतात; प्रत्यक्षात मोजून पाहावे. समजा, चालू लढतीत मी ड्रिझल असलेल्या पेलिपरला आत आणले. ड्रिझलमुळे पाऊस सुरू झाला, पण स्विच करण्यातच तो टर्न गेला आणि शेवटी चार उरले. आता पेलिपरला परत बोलावून स्विफ्ट स्विम असलेल्या किंग्ड्राला उतरवायचे, तर आणखी एक टर्न गेला आणि उतरताना किंग्ड्राने एक फटकाही खाल्ला. हल्ल्यासाठी राहिले तीन. त्यातही प्रतिस्पर्ध्याने एकदा प्रोटेक्ट ही हल्ला अडवणारी मूव्ह वापरली, तर दोन. म्हणूनच पेलिपरला यू-टर्न ही हल्ला करून माघारी फिरण्याची मूव्ह शिकवतात. पेलिपर मुळात संथ असल्याने प्रतिस्पर्ध्याचा फटका बहुधा आधी त्यालाच बसतो, मग तो हल्ला करत मागे फिरतो आणि किंग्ड्रा एकही ओरखडा न उमटता मैदानात येतो. डॅम्प रॉकचे तीन जादा टर्न मौल्यवान का, हेही यावरून कळावे.

संथपणाचा आणखी एक लाभ आहे आणि तो मला सर्वाधिक आवडतो. दोन्ही बाजूंचे हवामानकर्ते एकाच वेळी उतरले, तर अधिक वेगवान पोकेमॉनची ॲबिलिटी आधी लागू होते आणि संथ पोकेमॉनची नंतर. साहजिकच नंतरचे हवामान टिकते. पेलिपरचा मूळ वेग ६५ आणि उतरताच ऊन पाडणाऱ्या टोर्कोल या कासवाचा अवघा २०. दोघे समोरासमोर उतरले की पाऊस क्षणभर दिसतो आणि लगेच ऊन पडते. एरवी ज्या कासवाला वेगापायी कोणी विचारले नसते, ते इथे त्याच वेगामुळे जिंकते.

उन्हा-पावसाचे बाकीचे परिणाम थोडक्यात सांगता येतील. एरवी ७० टक्के अचूक असणारी थंडर पावसात चुकत नाही आणि उन्हात ५० टक्क्यांवर घसरते. सोलर बीमला उन्हात तयारीचा टर्न लागत नाही. वाळूचे वादळ मात्र दिसते त्याहून धूर्त आहे. खडक, जमीन आणि पोलाद या प्रकारांखेरीज बहुतेकांची एक-षोडशांश ऊर्जा ते दर टर्नच्या शेवटी हिरावून घेते. नुकसान किरकोळ, पण एका फटक्यात बाद होण्यापासून वाचवणारी फोकस सॅश ही वस्तू पूर्ण ऊर्जा असतानाच वाचवते, त्यामुळे वादळात एक टर्न काढलेल्या पोकेमॉनची सॅश निकामी ठरते.

गारपीटही असेच नुकसान करीत असे. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये तिची जागा हिमवर्षावाने घेतली, जो कोणालाही इजा करत नाही आणि बर्फ प्रकाराच्या पोकेमॉनचा डिफेन्स दीडपट करतो. तरीही बर्फाच्या टीमला त्याचा मोठा उपयोग ऑरोरा व्हेल या मूव्हसाठी होतो. सिंगल्समध्ये, म्हणजे एकास एक लढतींत, निम्मे डॅमेज अडवणारे हे कवच हिमवर्षावातच उभारता येते, पण एकदा उभे राहिले की हिम थांबले तरी ते टिकते. म्हणजे हे कवच उभारणाऱ्या अलोलाच्या नाइनटेल्स या पोकेमॉनला हिम हवे असते ते मूव्हच्या त्या एका क्षणापुरते. स्विच नेहमी मूव्हच्या आधी होत असल्याने, तो टर्न अचूक ओळखून टोर्कोलला आत आणले की ऊन पडते आणि ऑरोरा व्हेल सपशेल फसते.