थळहून खांदेरीला: भरतीच्या हिशेबाने

मार्गशीर्षातल्या दशमीला सकाळी साडेसातच्या भरतीवर आमची होडी अलिबागजवळच्या थळहून खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याकडे सुटली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हा कोकणातला जुना हिशेब. म्हणून खांदेरीला जाणाऱ्यांनी सुट्टी ठरवण्याआधी पंचांग पाहावे. दुपारी दीडला पूर्ण ओहोटी होती, त्यामुळे साडेदहाला परत निघायचे असे नाखवांनी आधीच बजावले होते.

हा किल्ला लढाई चालू असताना उभा राहिला. ऑगस्ट १६७९ अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मराठा आरमारातले मायनाक भंडारी येथे उतरले आणि तटाचे काम सुरू झाले. मुंबई बंदराच्या तोंडावरच मराठ्यांचे ठाणे बसणार, हे ओळखून इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या ताफ्याने त्यांचे ‘डव्ह’ हे गुराब (लढाऊ जहाज) पकडले. ‘रिव्हेंज’ हे त्यांचे दुसरे जहाज मात्र झुंजून निसटले. तरीही मला त्या दिवसापेक्षा रात्रींचे महत्त्व अधिक वाटते, कारण मोठी इंग्रजी जहाजे उथळ पाण्यात शिरू शकत नसत आणि अंधारात थळहून निघालेल्या लहान होड्या दाणागोटा व सामान बेटावर पोहोचवत असत. जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचे उंदेरी बेट बळकावले आणि त्याच सुमारास इंग्रजांनी माघार घेतली. १७१८ मध्येही त्यांचा हल्ला फसला.

बेटावर दोन टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधल्या खोलगट भागात होड्या लागतात. लोखंडी गाड्यावर चढवलेली तोफ अजून आहे. तिच्या गंजलेल्या चाकावर हात ठेवला, तर तळव्याला तांबडी पूड लागली. एक खडक असा आहे की त्यावर दगडाने हलके ठोकताच धातूसारखा नाद उमटतो. तो जपावा, जोराने ठोकू नये. कोळी बांधवांच्या वेताळाच्या देवळात चपला काढूनच जावे. दीपगृह १८६७ चे आहे. प्रवेशाच्या परवानगीची चौकशी निघण्यापूर्वी करावी, पिण्याचे पाणी व शिधा सोबत न्यावा आणि पावसाळ्यात हा बेत करूच नये. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तेथे टाकलेली प्रत्येक बाटली आपणच परत आणली पाहिजे.

आम्हांला निघायला अकरा वाजले. किनाऱ्याजवळ नाखवांनी यंत्र बंद करून बांबूने तळ चाचपत होडी पुढे नेली आणि शेवटचे अंतर आम्ही गुडघाभर पाण्यातून चालत गाठले.