माऊस कुणाच्या हातात?

पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यातली निम्मी दुसऱ्यांचा कोड तपासण्यात. त्यामुळे गावच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "स्क्रॅच शिकवते हो, पण ते तपासायचं कसं तेवढं सांगा," तेव्हा मला वाटलं, एका शनिवारचं काम. स्क्रॅच म्हणजे मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा: सूचनांचे ठोकळे जोडायचे, की पडद्यावरचं मांजर तसं चालतं, रेघही काढतं.

बाईंनी आपला मार्ग काढला होता. पडद्यावर लाल पेन चालत नाही, म्हणून मुलांनी ठोकळे वहीत उतरवायचे आणि खाली शेरा: 'छान' किंवा 'सुधारणा करा'. मी मनातल्या मनात हसलो.

मग सहावीतल्या एका मुलीशेजारी बसलो. तिला त्रिकोण काढायचा होता. तीन वेळा: १०० पावलं चाल, ६० अंश वळ. त्रिकोणाचा कोन ६०, म्हणून ६०. पडद्यावर उमटलं कलंडलेलं घमेलं. मी माऊस घेतला, ६० चे १२० केले. झाला त्रिकोण. ती म्हणाली, "हां." त्या 'हां'त काहीच नव्हतं. बाईंचं पेन निदान वही तरी तिच्याकडेच ठेवत होतं.

चहा पिताना बाईंना म्हटलं, आपण दोघांनीही माऊसला हात लावायचा नाही. दोनच प्रश्न: मांजराने काय करायला हवं होतं? आणि केलं काय? बाईंची खरी भीती वेगळी होती. "मलाच उत्तर आलं नाही तर?" म्हटलं, मग तर प्रश्न अगदी खरा होईल.

पुढच्या शनिवारी एका मुलाचं तेच घमेलं. बाईंनी व्हरांड्यात खडूने त्रिकोण काढला. "हो मांजर." तो रेघेवरून चालला, कोपऱ्यावर थांबला. "नाक कुठे?" "सरळ." "वळ आता. काटकोनाहून कमी वळलास की जास्त?" "जास्त!" म्हणत तो आत पळाला. १०० अंश, मग १३०, मग १२०. बाई हात मागे बांधून उभ्या. मुलांसाठीची 'लोगो' ही प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, यांनी हेच सांगितलं होतं, की लोगोत रेघ काढणारं कासव आपणच होऊन मुलांनी चालून बघावं. मी ते वाचलं होतं, बाईंनी नव्हतं.

मी जिचा माऊस घेतला होता, त्या सहावीतल्या मुलीला षटकोन काढायला सांगितला. तिने सहा वेळा १०० पावलं आणि १२० अंश लावले. मीच शिकवलेले १२०. मांजर त्याच त्रिकोणावरून दोनदा फिरलं.

मी हात खिशात घातले. "काय व्हायला हवं होतं गं?"

ती उठली आणि बाईंकडे खडू मागायला गेली.